समुपदेशकाची खोली बंद करू नका: शाळा चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील हायस्कूल आणि हायर सेकंडरी शाळा चालवणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी,
तसेच राज्याच्या शिक्षण आणि आरोग्य खात्यांतील अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलने यंदा घेतलेल्या निर्णयामुळे हे पत्र लिहायला बसले आहे. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की चर्चा त्या एका शाळेपुरती होते, दोन दिवस फोनवर फिरते आणि विरून जाते. माझे म्हणणे अनेक शाळांना लागू आहे.

निर्णय असा. शाळेत समुपदेशनासाठी एक लहान खोली होती, ती नव्या संगणकांना दिली. तिथे येणाऱ्या समुपदेशक बाईंचा करार संपला होता आणि त्यांच्या जागी कोणी आले नव्हते. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "दोन शिक्षकांना प्रशिक्षण दिले आहे, मुलांचे काही असले तर ते बघतील. आठवड्यातून एकदा वापरायला अख्खी खोली अडवून ठेवणे परवडत नाही." बैठक पुढच्या विषयाकडे वळली. पुढचा विषय वार्षिक स्नेहसंमेलनाचा होता आणि त्यावर बराच वेळ बोलणे झाले.

मी आयुष्यभर हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे. माझी नात नववीत शिकते. तिचे आईवडील दोघेही नोकरीवर असल्याने शाळेच्या बैठकांना मीच जाते. मुले शिक्षकाला काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे मला वर्गातून कळले आणि आता घरातूनही कळते. त्या खोलीत काय चालायचे ते ठाऊक असल्यामुळे मला गप्प राहवत नाही.

आधी मुलांबद्दल बोलते, कारण बैठकीत खोलीबद्दल बोलणे झाले, मुलांबद्दल झाले नाही.

आपल्याकडची बरीच मुले चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात जातात. पाचवी-सहावीत ती पाठांतरावर निभावून नेतात. आठवी-नववीत पाठांतर पुरत नाही. वर्गात काय चालले आहे ते समजत नाही, हे कबूल करायची लाज वाटते, आणि मूल गप्प होते किंवा दंगा करू लागते. आपण पहिल्याला मठ्ठ म्हणतो आणि दुसऱ्याला उनाड. यांतल्या कित्येक मुलांना शिकवणीपेक्षा आधी कुणाजवळ तरी "मला काही कळत नाही" असे न घाबरता म्हणता येणे गरजेचे असते. शिकवणाऱ्या शिक्षकाला हेच सांगणे मुलाला सर्वांत अवघड जाते.

घरचे तर वेगळेच असते. आमच्या भागातल्या अनेक घरांची मिळकत खाणींवर होती. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकचे हप्ते थकले, काही घरांत दारू आली, काही घरांतली माणसे किनाऱ्यावरच्या हॉटेलांत रात्रपाळीला जाऊ लागली. आईबाप रात्री घरी नसतील तर धाकट्या भावंडांना जेवू घालून झोपवण्याचे काम चौदा वर्षांच्या मुलीवर येते. सकाळी ती मुलगी वर्गात डुलक्या घेते. तिच्या वहीवर लाल शेरा पडतो.

मोबाइलचे तर सांगायला नकोच, पण सांगावे लागेल. एखाद्या मुलीचा फोटो गटात फिरतो. एखादा मुलगा खेळाच्या नावाखाली पैसे लावतो, हरतो आणि घरातून पैसे उचलतो. कुणाला सिगारेट, कुणाला वेप, कुणाला त्याहून वाईट. मुलींच्या पाळीच्या तक्रारी, शरीराबद्दल वाटणारी लाज, नातेवाइकाने केलेला नकोसा स्पर्श. या गोष्टी मुले ओरडून सांगत नाहीत. चतुर्थीच्या सुट्टीनंतर एखादी मुलगी शाळेत येते आणि एकाएकी जेवणाचा डबा उघडेनाशी होते. हे एवढेच दिसते. ते दिसायला आणि मग धीराने विचारायला शाळेत एक माणूस असावा लागतो.

देशपातळीवर 2022 या एका वर्षात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात आहे. त्यांतल्या 2,248 नोंदींपुढे परीक्षेतले अपयश हे कारण लिहिले आहे. एका रकान्यात एकच कारण लिहिता येते म्हणून ते तसे लिहिले जाते. कोणत्याही मुलाच्या बाबतीत कारण एकटे नसते, हे शाळेत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या आकड्याच्या अलीकडे जी लाखो मुले नुसतीच कुढत राहतात, त्यांची मोजदाद कुठल्याच अहवालात नसते. समुपदेशनाची सर्वांत जास्त गरज याच मुलांना असते आणि त्यांना वेळेवर मदत मिळाली तर पुढचे पुष्कळ टळते.

आता कायद्याचे. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी एका निकालात शिक्षणसंस्थांसाठी 15 मार्गदर्शक सूचना दिल्या आणि योग्य कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील असे स्पष्ट केले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि तो मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी. शिक्षक आणि इतर कर्मचारी यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. तातडीच्या प्रसंगी मुलाला कुठे आणि कसे पाठवायचे याची लेखी पद्धत ठरवावी. मदतीचे क्रमांक ठळक जागी लावावेत. हा आदेश शाळांनाही लागू आहे. मी ज्या शाळेबद्दल लिहिते आहे तिथे शंभराहून कितीतरी जास्त मुले आहेत.

मग खोली संगणकांना देण्याचा ठराव करताना हा आदेश कुणाच्याच टेबलावर नव्हता का? की होता, आणि तो दुसऱ्या कुणासाठी आहे असे वाटले?

गोव्याबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. शाळेत समुपदेशक असावा ही कल्पना आपल्याकडे या निकालाच्या कितीतरी आधी आली. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून शाळांना समुपदेशक मिळू लागले, तेव्हा देशातल्या अनेक राज्यांत असा विचारही नव्हता. त्यातून आलेल्या काही तरुण मुलींनी किती मनापासून काम केले ते मी पाहिले आहे. माझी तक्रार त्यांच्याबद्दल मुळीच नाही. ज्या रचनेत त्यांना काम करावे लागते तिच्याबद्दल आहे, आणि तक्रारी मी एकेक करून मांडते.

पहिली, आणि माझ्या मते सर्वांत मोठी: समुपदेशक शाळेत रोज नसतो. एकाच व्यक्तीकडे एकापेक्षा जास्त शाळा असतात. म्हणजे या शाळेत मंगळवार, त्या शाळेत बुधवार. मंगळवारी सुट्टी आली, परीक्षा आली, क्रीडामहोत्सव आला की पंधरा दिवस गेले. पंधरा वर्षांच्या मुलाचे दुःख वेळापत्रक पाहून येत नाही. गुरुवारी सकाळी घरात मारहाण पाहून आलेल्या मुलीला गुरुवारी बोलायचे असते. पुढच्या मंगळवारपर्यंत ती स्वतःला समजावते की जाऊ दे, काही झाले नाही. शिवाय मूल पहिल्या भेटीत खरे बोलतच नाही. ते आधी डोकेदुखीची तक्रार घेऊन येते, मग अभ्यासाची, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला मूळ विषयाला हात घालते. त्या आधी कितीदा तरी दारावरून जाता जाता आत डोकावून पाहते. आठवड्यातून एकदा उघडणाऱ्या दारावरून असे जाता येत नाही.

शाळा सुटल्यावर भेटता येईल, असेही काही जण सुचवतात. ज्यांनी हे सुचवले त्यांनी गावातल्या शाळेची दुपार पाहिलेली नाही. घंटा झाली की बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणारी शाळेची बस, सुटतो. तो चुकला तर कदंबाच्या पुढच्या बसची वाट पाहावी लागते आणि घरी पोचेपर्यंत घरात दहा प्रश्न तयार असतात. मुलाला शाळेच्या वेळेतच, आणि कुणाच्या डोळ्यांवर न येता, बोलता आले पाहिजे.

इथे दुसरी तक्रार येते. गुप्तता. आमच्या शाळांतली मुले समुपदेशकाकडे का जात नाहीत, असा प्रश्न बैठकांत विचारला जातो. शिपाई भर वर्गात येऊन नाव पुकारतो आणि "कौन्सिलर बाईंनी बोलावलंय" असे सांगतो, म्हणून जात नाहीत. कुठे समुपदेशकाला शिक्षक-खोलीच्या कोपऱ्यात टेबल दिलेले असते, कुठे वाचनालयात पुस्तकांच्या कपाटाआड. भेटीच्या वहीत मुलांची पूर्ण नावे असतात आणि ती वही कुणीही चाळू शकतो. "गप्प बस, नाहीतर कौन्सिलरकडे पाठवीन" असे वर्गात म्हणणारे शिक्षकही आहेत. एकदा ती जागा शिक्षेची ठरली की चांगली मुले तिकडे फिरकत नाहीत आणि दंगेखोर मुले शौर्य म्हणून जातात. एका मुलीने सांगितलेली घरची गोष्ट मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या गप्पांत आली. त्यानंतर त्या वर्गातून एकही मुलगी त्या खोलीकडे गेली नाही. मुलींनी एकमेकींना सांगितले होते. मुलांचे जग लहान असते, पण त्यात बातमी आपल्यापेक्षा लवकर पोचते.

गुप्ततेला मर्यादा आहेत हे मला माहीत आहे. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर समुपदेशकाला ती पुढे कळवावीच लागते. लैंगिक अत्याचाराबाबत तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, ते बंधनच आहे. पण हे मुलाला पहिल्याच भेटीत, त्याला समजेल अशा शब्दांत सांगायला हवे. काय माझ्याजवळ राहील आणि काय मला सांगावेच लागेल. मूल एवढे समजूतदार असते. ते फसवणूक सहन करत नाही.

तिसरी तक्रार करारांची. दरवर्षी करार, दरवर्षी नूतनीकरणाची चिंता, मध्ये दोन-तीन महिने कोणीच नाही, आणि मग नवा चेहरा. ज्या मुलीने सहा महिने घेऊन एका ताईला आपली गोष्ट सांगितली, तिला आपण सांगतो की ताई गेल्या, आता या नव्या ताईंना पहिल्यापासून सांग. ती सांगत नाही. शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाची जागा अशी वर्षाला बदलली तर पालक मोर्चा काढतील.

चौथी तक्रार शिक्षकांच्या वतीने करते, कारण ते स्वतः करू शकत नाहीत. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात, 2020 पासून, प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हावे अशी योजना आहे. योजना चांगली आहे. आरोग्याचे पाठ घेणे, स्वच्छतेची, आहाराची, व्यसनांची माहिती वर्गात देणे हे शिक्षक उत्तम करू शकतात. पण तिचा उपयोग समुपदेशक टाळण्यासाठी होऊ लागला तर तो शिक्षकांवर आणि मुलांवर दोघांवरही अन्याय आहे. शिक्षकाकडे आधीच नव्या शैक्षणिक धोरणाची कागदपत्रे आहेत, निवडणुकीची कामे आहेत, एप्रिलपासूनच भरू लागलेले वरचे वर्ग आहेत. आणि तोच शिक्षक गुण देणारा, शेरा लिहिणारा, पालकांना बोलावणारा असतो. मूल त्याच्याजवळ मन मोकळे करील अशी अपेक्षा धरणे चूक आहे. करतात काही मुले, हे खरे. मलाही काही मुलींनी पुष्कळ सांगितले आहे. पण माझ्याशी बोलणाऱ्या एका मुलीमागे, मी तिच्या घरच्यांना ओळखते म्हणून न बोलणाऱ्या किती असतील?

या मुद्द्यावर आपल्याच मातीतला पुरावा आहे. 'संगत' ही संस्था 1996 मध्ये गोव्यात सुरू झाली आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात तिचे काम जगभर वाचले जाते. तिने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये नववीच्या मुलांसाठी एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही शाळांत आरोग्याचा एक कार्यक्रम शाळेतल्या शिक्षकाने राबवला, काही शाळांत तोच कार्यक्रम केवळ याच कामासाठी नेमलेल्या व्यक्तीने. ही व्यक्ती मानसशास्त्रज्ञ नव्हती, या कामासाठी प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. जिथे स्वतंत्र व्यक्ती होती तिथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांमधली नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी कमी झाली. जिथे ते काम शिक्षकाच्या अंगावर आणखी एक म्हणून टाकले होते तिथे तसा फरक पडला नाही. कार्यक्रम एकच, माणूस वेगळा, निकाल वेगळा. गोव्यातल्या संस्थेने बिहारमध्ये जे दाखवून दिले ते गोव्यातल्या शाळांनी वाचू नये, याचे मला फार वाईट वाटते.

आणि तज्ज्ञ मिळत नाहीत ही सबब यातूनच गळून पडते. प्रत्येक शाळेला मनोविकारतज्ज्ञ हवा असे कोणीच म्हणत नाही. नीट निवडलेली, नीट शिकवलेली, वरून तज्ज्ञाची देखरेख असलेली आणि रोज शाळेत बसणारी व्यक्ती हवी.

पाचवी गोष्ट आरोग्य खात्याला उद्देशून आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 7 जानेवारी 2014 रोजी सुरू झाला. वयोगट 10 ते 19. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसने, हिंसा व अपघात, असंसर्गजन्य आजार, असे सहाही विषय त्यात आहेत. म्हणजे कागदावर आपल्या मुलांसाठी जे हवे ते बहुतेक आहेच. पण वर्गात डुलक्या घेणाऱ्या त्या मुलीकडे परत पाहा. आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती तिने गिळली की दप्तरात टाकली ते कुणी पाहत नाही. आरोग्य पथक येते, वजन-उंची मोजते, रक्त कमी आहे असे लिहून जाते. शिक्षक लिहितो, लक्ष देत नाही. समुपदेशक असलाच तर त्याच्या वहीत वेगळीच नोंद. तिला रक्तक्षय आहे, की रात्रभर जागरण आहे, की मनाने खचली आहे, की तिन्ही आहे? तीन वह्यांतली माहिती एका टेबलावर येत नाही, म्हणून कुणालाच कळत नाही. आरोग्य केंद्र आणि शाळा यांच्यात एकही ठरलेला माणूस नाही जो म्हणेल की या मुलीचे पुढे काय झाले ते मी पाहीन.

पुढे पाठवण्याची वेळ येते तेव्हा अडचण आणखी वाढते. गंभीर त्रास असलेल्या मुलाला बांबोळीला घेऊन जा म्हटले की आमच्या भागातल्या पालकाचा एक दिवसाचा रोजगार जातो आणि दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. पण खरी अडचण प्रवासाची नाही. तिथल्या मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेचे नाव ऐकले की पालक उठून उभे राहतात. "माझ्या मुलीला वेड लागलंय का?" मी हा प्रश्न खुर्चीत बसून ऐकला आहे आणि विचारणाऱ्या आईचा मला राग आला नाही. मुलीचे पुढे लग्न व्हायचे असते, गाव लहान असते. तिला वाळपईच्या किंवा साखळीच्या आरोग्य केंद्रात, इतर रुग्णांसारखाच केसपेपर काढून, महिन्याच्या ठरलेल्या दिवशी तज्ज्ञ भेटला तर ती आई नक्की जाईल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याच हेतूने आहे. त्यात किशोरवयीनांसाठी वेगळी वेळ ठेवा आणि ती वेळ शाळांना लेखी कळवा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाला सरकारी आरोग्यसेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. पंधरा वर्षांची मुलगीही त्या 'प्रत्येका'त येते.

भाषेबद्दलही बोलायला हवे. मुले घरी कोकणीत किंवा मराठीत भांडतात, रडतात, घाबरतात. आमच्या शाळांत आता कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या मजुरांची मुलेही आहेत आणि त्यांचे तर कुणीच नसते. समुपदेशकाला तालुका देताना त्याला तिथल्या मुलांची भाषा येते का, हे पाहावे. इंग्रजी छापील प्रश्नावली भरून घेतली म्हणजे मूल बोलले असे होत नाही.

काही आक्षेप मी बैठकीत ऐकले, त्यांना उत्तर देते.

पैसा. समुपदेशकाचा पगार शाळेने आपल्या खिशातून द्यावा असे मी म्हणत नाही. अनुदानित शाळेत गणिताच्या शिक्षकाचा पगार जसा मंजूर पदावर येतो तसे हे पद मंजूर व्हावे. शाळेने खोली द्यायची आहे. एक खोली.

"असल्या गोष्टी बोलून मुलांच्या डोक्यात नको ते भरते." हे मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकले. आत्महत्येबद्दल मुलाला थेट आणि शांतपणे विचारल्याने त्याच्या मनात तो विचार पेरला जात नाही, हे या क्षेत्रातल्या लोकांनी वारंवार सांगितले आहे. उलट कुणीतरी विचारले याने मुलाला हायसे वाटते. मुलांच्या डोक्यात नको ते भरायला मोबाइल पुरेसा आहे. तिथे त्यांना उत्तर देणारे मोठे माणूस नसते.

"आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक?" नव्हते. आमच्या वेळी घरात आजी होती, मावशी होती, शेजारी कुणीतरी वडीलधारे होते. आणि तरीही आमच्या वेळच्या कितीतरी मुली काहीही न सांगता मोठ्या झाल्या. ते काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही.

संगणक. संगणक हवेतच. माझ्या नातीलाही हवेत. पण ज्या शाळेला मंच, कार्यालय, क्रीडासाहित्याची खोली आणि पदाधिकाऱ्यांच्या बैठकीची खोली ठेवता येते, त्या शाळेला मुलाने दार लावून दहा मिनिटे बसावे एवढी जागा ठेवता येत नाही, हे मला पटत नाही. पदाधिकाऱ्यांची बैठक महिन्यातून एकदा होते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

शाळांच्या व्यवस्थापनांकडे: समुपदेशनाची खोली परत द्यावी. तिला दार असावे, खिडकी असावी, आणि ती मुख्याध्यापकांच्या कार्यालयासमोर नसावी. भेटीच्या नोंदी कुलपात राहाव्यात, त्यात नावाऐवजी क्रमांक असावा. वर्गात नाव पुकारणे बंद करावे. मुलाला शिक्षा म्हणून समुपदेशकाकडे पाठवू नये, अशी लेखी सूचना शिक्षकांना द्यावी. टेलिमानस (मानसिक आरोग्यासाठी फोनवरची सरकारी मदत) 14416 आणि चाइल्डलाइन (संकटातल्या मुलांसाठी) 1098 हे दोन क्रमांक मुलांच्या डायरीत, सूचनाफलकावर आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावेत. तिथे मूल एकटे असते आणि क्रमांक उतरवून घेऊ शकते.

शिक्षण खात्याकडे: शंभर किंवा त्याहून जास्त मुले असलेल्या प्रत्येक हायस्कूल आणि हायर सेकंडरी शाळेत समुपदेशकाचे पद मंजूर करावे आणि ते रोजचे असावे. कराराऐवजी नियमित नेमणूक व्हावी. ती होईपर्यंत किमान तीन वर्षांचा करार असावा, म्हणजे आठवीत बोलू लागलेले मूल दहावीपर्यंत त्याच माणसाशी बोलू शकेल. पद रिकामे झाल्यास किती दिवसांत भरायचे याची मुदत ठरवावी. शंभराहून कमी मुलांच्या शाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत; त्यांची जोडणी कुठल्या केंद्राशी, कुठल्या व्यक्तीशी आहे हे प्रत्येक शाळेला नावानिशी कळवावे. समुपदेशकांवर परीक्षेचे पर्यवेक्षण, बदली तास आणि कार्यालयीन कामे लादू नयेत. समुपदेशकांनाही कुणाशी तरी बोलता यावे म्हणून त्यांच्यावर महिन्यातून एकदा तज्ज्ञाची देखरेख असावी. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचे दुःख ऐकणारी ही बहुतेक पंचविशी-तिशीतली मुले आहेत.

आरोग्य खात्याकडे: प्रत्येक तालुक्यात किशोरवयीनांसाठी तज्ज्ञाचा ठरलेला दिवस, शाळेला थेट फोन करता येईल असा एक जबाबदार माणूस, आणि शाळेने पाठवलेल्या मुलाचे पुढे काय झाले याची पंधरा दिवसांत समुपदेशकाला परत माहिती. मुलाच्या आणि पालकाच्या संमतीने, अर्थातच.

पालकांकडे मागणी नाही, विनंती आहे. पुढच्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तीनच प्रश्न विचारा. आपल्या शाळेत समुपदेशक आठवड्यातून किती दिवस असतो? तो कुठे बसतो? माझे मूल त्याच्याकडे गेले तर ते कुणाकुणाला कळते? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.

या पत्राची प्रत मी संबंधित शाळेच्या अध्यक्षांना आणि दोन्ही खात्यांना टपालाने पाठवली आहे. खोली कधी परत मिळणार आणि नवा समुपदेशक कोणत्या तारखेपासून येणार, एवढ्या दोन गोष्टींचे लेखी उत्तर शाळेने पालकांना दिवाळीच्या सुट्टीआधी द्यावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि नववीतल्या मुलीची आजी
सत्तरी, गोवा